निघतानाची प्रत

रात्री एक दहाला सुटलेल्या कंटेनरचं बिल
आदल्या संध्याकाळच्या सात चाळीसचं निघालं.
एका दिवसाचं भाडं बुडालं, म्हणून मला बोलावणं.
बॅलार्ड इस्टेट, तिसरा मजला.
मी, खडखडणारा पंखा आणि फुर्टाडोचा डबा.
फुर्टाडो स्वतः खाली, सिगारेटपाशी.

स्क्रिप्टला विचारलं, टाइमझोन काय?
म्हणाली, मुंबई.
बरोबरच होतं, तिसाव्या ओळीत मीच लिहिलेलं.
मग तिच्या पोटच्या प्रोसेसला विचारलं,
जी फक्त बिल छापते आणि संपते.
ती म्हणाली, ग्रिनिच.
दोघी खरं बोलत होत्या.

त्याचं असं आहे.
स्क्रिप्टची एक वही असते, तिची स्वतःची,
आणि भिंतीवर एक फळा असतो, सिस्टिमचा, जुना.
उठल्या उठल्या ती फळ्यावरचं सगळं वहीत उतरवते
आणि पुढे दिवसभर
लिहिते, खोडते, गिरवते ते वहीतच.
पोर घराबाहेर पडताना वही उघडत नाही.
फळ्याकडे बघतं,
त्याची एक प्रत खिशात घालतं
आणि जातं.

मग तुम्ही फळ्यावर काहीही लिहा,
खिशातला कागद तोच.
त्याने तिकडे कागद टराटरा फाडला
तरी इकडे खडूचा कण हलत नाही.

फुर्टाडो वर आला, स्क्रीनकडे बघून म्हणाला,
आमच्या माझगावच्या घरात आजोबांचं घड्याळ
शेवटपर्यंत मुंबई टाइमवर होतं.
सरकारच्या एकोणचाळीस मिनिटं मागे.
मग?
मग काय, पप्पा गोदीत कामाला, बूट हातात घेऊन पळायचे
आणि आजोबा बिछान्यातून सांगायचे,
बस रे, अजून वेळ आहे.

मी एक शिपाई नेमला, चार ओळींचा:
वहीत काही लिहिलं गेलं
की तत्क्षणी फळ्यावरही लिही.
बिल निघालं. एक दहा. तारीख आजची.
फुर्टाडोने डब्याचं झाकण वाजवलं.

पुढचं बिल वडाळ्याला गेलं.
वडाळ्याचा प्रिंटर दोन वर्षांपूर्वी भंगारात दिलाय.
वहीतून मी त्याचं नाव खोडलं होतं,
पण शिपायाला फक्त लिहायला शिकवलेलं,
पुसायला नाही.

घाईत मी शहाणपणा केला.
पुसण्याऐवजी ती जागा रिकामी ठेवली.
प्रोसेसने ती जागा वाचली, नाव कोरं,
तरी आहे म्हटल्यावर
कोऱ्या नावाच्या प्रिंटरला बिल पाठवून
ती वाट बघत बसली.
ते बघताना लक्षात आलं,
रिकामं असणं वेगळं आणि नसणं वेगळं.
मशीनला हा फरक कळतो.
यामिनीच्या चष्म्याची केस
अजून फोनशेजारी आहे, आत काही नाही,
धूळ पुसताना मी ती उचलतो
आणि परत तिथेच ठेवतो.

शिपायाला पुसणं शिकवलं. आणखी दोन ओळी.
पावणेतीनला सगळी बिलं सरळ,
प्रत्येक पोर बरोबर घड्याळ घेऊन घराबाहेर.
जी आधीच निघाली होती
त्यांचं आता काही करता येत नाही.

तीन दहाला ऋताचा फोन.
हालिफॅक्सला संध्याकाळ, ती भाजी घेऊन परततेय.
गोड पाठवलंय म्हणाली, मॅपलचं, तुला आवडेल.
माझी साखर गेल्या मार्चपासून बंद आहे,
सांगायचं राहिलंच.
या वेळी फोन केला की
ती कुजबुजते, पहिल्यापासून,
आतल्या खोलीत आई झोपलेली असायची तेव्हापासून.
मीही आवाज खाली आणतो.
बिलं छापली जातायत, पंखा खडखडतोय,
आम्ही दोघं हळूहळू बोलतोय,
जेवलीस का, थंडी किती, बूट घेतलेस का नवे.

फुर्टाडो चपातीचा तुकडा हातात धरून थांबला.
इकडेतिकडे बघितलं त्याने
आणि मलाच हळू आवाजात विचारलं,
कोण झोपलंय इथे?